आधी जनगणना, मग बोट: अमेरिकेत आलेल्या इटालियन पूर्वजांचा माग कसा काढावा

न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र म्हणजे एलिस आयलंड. तिथली बोटीच्या प्रवाशांची यादी उघडायची, आडनाव टाकायचं आणि वयाने जवळपास जाणारी पहिली ओळ ‘हेच ते पणजोबा’ म्हणून जतन करून मोकळं व्हायचं. बहुतेकांचा शोध इथेच चुकतो. दक्षिण इटलीत पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं आणि दुसरीला आईच्या आईचं, अशी रीत होती. आजोबांना पाच मुलगे असतील तर पाच घरांत एकाच नावा-आडनावाचे पाच चुलतभाऊ निघतात. सगळे एकाच गावचे, वयात दोन-चार वर्षांचा फरक, आणि बरेचदा एकाच दशकात अमेरिकेला गेलेले. त्यातला आपला कोणता, हे यादीतलं नाव सांगू शकत नाही.

अमेरिकेत ज्या मराठी घरांत सून किंवा जावई इटालियन वंशाचे आहेत, तिथे मुलांची वंशावळ मांडताना एका बाजूला छापील कुळवृत्तान्त असतो आणि दुसऱ्या बाजूला ‘नेपल्सहून आले होते’ एवढं एकच वाक्य. हा लेख त्या दुसऱ्या बाजूसाठी आहे. इटलीचं नागरिकत्व मिळवण्याच्या हेतूने शोध घेणाऱ्यांनी आधी सध्याचा कायदा पाहावा. मार्च २०२५ मध्ये नियम फार कडक झाले आणि पणजोबांच्या आधारावर अर्ज करण्याची वाट जवळपास बंद झाली. हे ठाऊक नसल्याने लोक अजूनही दाखल्यांवर पैसे घालवतात.

शोधाचा क्रम ठरलेला ठेवा: घरातले कागद, जनगणना, नागरिकत्वाचे कागद, बोटीची यादी आणि शेवटी इटलीतली गावदप्तरं. या सगळ्यातून हाती यायला हवी ती एकच गोष्ट, ‘कोमुने’चं म्हणजे मूळ गावाचं नाव. इटलीतल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी गावनिहाय आहेत. गाव कळलं नाही तर पुढे रस्ता नाही.

## पायरी १: घरातले कागद आणि एक तक्ता

संगणक उघडण्यापूर्वी घरातले कागद गोळा करा. मृत्यूचे दाखले, वृत्तपत्रातल्या निधनवार्ता, थडग्यांचे फोटो, जुन्या पाकिटांवरचे इटलीतले पत्ते, फोटोंच्या मागचे स्टुडिओचे शिक्के, चर्चने दिलेले बाप्तिस्म्याचे दाखले. अमेरिकेत इटालियन लोकांची परस्पर-साहाय्य मंडळं असत आणि अशा मंडळाचं नाव बरेचदा मूळ गावाच्या संरक्षक संताचं असे. आजोबा कोणत्या मंडळाचे सभासद होते, कोणत्या संताच्या उत्सवात पैसे देत, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नक्की विचारा. ‘गाव कोणतं?’ या प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणणारी आजी संताचं नाव मात्र पटकन सांगते.

मग प्रत्येक व्यक्तीसाठी एक तक्ता करा. रकाने असे: नावाची सगळी रूपं, जन्माचा अंदाजे काळ, जोडीदार, मुलं (जन्मस्थळासह), भावंडं, पत्ते, धंदा. शेवटी ‘कुठून कळलं’ हा रकाना हवाच. तो नसेल तर दोन महिन्यांनी ऐकीव माहिती आणि कागदावरची माहिती एकमेकांत मिसळतात आणि मग ती वेगळी काढता येत नाही.

नावाची रूपं आधीच लिहून ठेवा. जुझेप्पेचा जोसेफ होतो, लुइजीचा लुई होतो, हे सहज कळतं. पण विन्चेन्झोचा जेम्सही होतो, गाएतानोचा थॉमस, कालोजेरोचा चार्ल्स, साल्वातोरेचा सॅम, पास्क्वालेचा पॅट्सी, रोझारिओचा रसेल. बायकांत कोन्चेत्ताची कॉनी होते आणि कार्मेलाची मिली किंवा मिल्ड्रेड.

सावध: घरात सांगितलं जाणारं ‘नेपल्स’ किंवा ‘पालेर्मो’ हे गाव असेलच असं नाही. तो प्रांत असू शकतो किंवा नुसतं बोट सुटली ते बंदर. तक्त्यात अवतरणचिन्हात लिहा आणि पुरावा मिळेपर्यंत तसंच ठेवा.

## पायरी २: जनगणना, १९५० पासून मागे

अमेरिकेची राष्ट्रीय जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि नावानिशी असलेले तक्ते ७२ वर्षांनी खुले होतात. १९५० ची गणना १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. आत्ता उपलब्ध असलेली तीच सर्वांत अलीकडची. तिथून सुरुवात करून १९४०, १९३०, १९२०, १९१०, १९०० असं एकेक दशक मागे जायचं. एकही दशक गाळायचं नाही. १९०० मधलं कुटुंब थेट शोधून ‘जुळतंय’ म्हणणारे चुलतभावाचं घर धरून बसतात, कारण मधल्या दशकांतले पत्ते आणि मुलांची नावं त्यांनी पाहिलेलीच नसतात.

१८९० ची गणना शोधण्यात वेळ घालवू नका. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत आणि त्यानंतरच्या हेळसांडीत ती जवळजवळ सगळी गेली. न्यूयॉर्क राज्यात राहिलेल्यांसाठी राज्याच्या स्वतःच्या गणना आहेत: १८९२, १९०५, १९१५, १९२५. न्यू जर्सीसाठी १८९५, १९०५, १९१५. या मधल्या गणनांकडे लोक बघतही नाहीत आणि मग दहा वर्षांची पोकळी तर्काने भरतात.

फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ फुकट आहे, फक्त खातं उघडावं लागतं. अँसेस्ट्री पैसे घेतं, पण अमेरिकेतल्या अनेक सार्वजनिक वाचनालयांत ते तिथे बसून फुकट वापरता येतं. १९५० चे तक्ते राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही आहेत.

प्रत्येक गणनेत विचारलेले प्रश्न वेगळे आहेत, म्हणून कुठे काय मिळेल हे आधी माहीत असावं.

* १९००: जन्माचा महिना आणि वर्ष दोन्ही. लग्नाला किती वर्षं झाली, आईला किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात. अमेरिकेत आल्याचं वर्ष. हा तक्ता सर्वांत श्रीमंत.
* १९१०: आल्याचं वर्ष, नागरिकत्वाची स्थिती, झालेली आणि हयात मुलं.
* १९२०: आल्याचं वर्ष आणि नागरिक झाल्याचं वर्ष. हा दुसरा रकाना राष्ट्रीय गणनांत फक्त इथेच आहे.
* १९३०: आल्याचं वर्ष, पहिल्या लग्नाच्या वेळचं वय.
* १९४०: आल्याचं वर्ष नाही. पण माहिती कोणी दिली त्या माणसाच्या नावापुढे वर्तुळातली फुली असते.
* १९५०: जन्मदेश आणि नागरिक झाला की नाही, एवढंच.

नागरिकत्वाच्या रकान्यात लघुरूपं असतात: ‘एएल’ म्हणजे अजून परकीय, ‘पीए’ म्हणजे पहिला अर्ज दिलेला, ‘एनए’ म्हणजे नागरिक झालेला. ही लघुरूपं उतरवून घ्यायला विसरू नका. चौथी पायरी त्यांच्यावर उभी आहे.

नावाने शोधून घर सापडलं नाही तर पत्त्याने शोधा. स्टीव्ह मॉर्स यांच्या ‘वन-स्टेप’ संकेतस्थळावर रस्ता आणि चौक दिले की गणनेचा विभाग क्रमांक मिळतो. मग त्या विभागाची पानं एकेक करून वाचायची. कंटाळवाणं काम आहे, पण प्रगणकाने आडनावाची पार वाट लावली असेल तर हाच उपाय चालतो. एकटे पुरुष बरेचदा दुसऱ्याच्या घरी पैसे देऊन राहात, म्हणून कुटुंबप्रमुखांची नावं चाळून ते सापडत नाहीत. प्रत्येक ओळ वाचावी लागते.

ताळा: पुढच्या पायरीवर जाण्याआधी प्रत्येक दशकात बायकोचं नाव, निदान दोन मुलांची नावं आणि त्यांच्या वयांतलं अंतर जुळतंय का पाहा. वय एखाद्या वर्षाने सरकलं तर घाबरू नका. १९१० ची गणना १५ एप्रिलची होती आणि १९२० ची १ जानेवारीची. मार्चमध्ये जन्मलेला माणूस १९२० मध्ये दहाऐवजी नऊच वर्षांनी मोठा झालेला दिसेल.

## पायरी ३: आगमनाचं वर्ष ठरवा, एक नव्हे तर पट्टा

घोडं बहुतेकांचं इथेच पेंड खातं. चार गणनांत आल्याची चार वर्षं निघतात आणि लोक त्यातलं एक ‘खरं’ म्हणून निवडतात. समजा, १९०० मध्ये १८९१ लिहिलंय, १९१० मध्ये १८९३, १९२० मध्ये १८९२ आणि १९३० मध्ये १८९०. उत्तर सांगणारी बायको असेल, मोठा मुलगा असेल, कदाचित शेजारीणही असेल. मतदान घेऊन काही ठरत नाही. १८९० ते १८९३ हा पट्टा लिहा आणि दोन्ही बाजूंना एकेक वर्ष वाढवा.

या रकान्यापेक्षा मुलांची जन्मस्थळं जास्त विश्वासू असतात. १९०० च्या गणनेत नऊ वर्षांची थोरली मुलगी इटलीत जन्मलेली आणि सहा वर्षांचा धाकटा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला दिसला, तर आई या दोन जन्मांच्या मधल्या काळात आली. आल्याचं वर्ष सांगताना माणूस चुकतो, पण आपलं मूल समुद्राच्या अलीकडे झालं की पलीकडे हे आई विसरत नाही. दोन मुलांच्या मध्ये नेहमीपेक्षा मोठं अंतर दिसलं, पाच-सहा वर्षांचं, तर वडील आधी एकटे आले असावेत. मग बोटीच्या दोन याद्या शोधायच्या आहेत: त्यांची वेगळी, आई-मुलांची वेगळी. पण १९०० आणि १९१० च्या तक्त्यांतली ‘झालेली’ आणि ‘हयात’ मुलं आधी मोजा. मधलं मूल दगावलं असेल तर ते अंतर फसवं आहे.

आणखी एक गुंता. अनेक इटालियन पुरुष हंगामी मजुरीसाठी येत, पैसे साठवून परत जात आणि पुन्हा येत. त्यामुळे एका गणनेत पहिल्या खेपेचं वर्ष असतं आणि दुसऱ्या गणनेत शेवटच्या. दोन्ही खरी असू शकतात. पट्ट्याच्या दोन टोकांमध्ये सात-आठ वर्षं असतील तर एकापेक्षा जास्त फेऱ्या गृहीत धरूनच पुढे जा.

## पायरी ४: नागरिकत्वाचे आणि सैन्यनोंदणीचे कागद

बोटीकडे धावण्याची घाई इथेही आवरायची. नागरिकत्वाचे कागद हाती असतील तर बोटीचा शोध बरेचदा लगेच संपतो.

इथे २७ सप्टेंबर १९०६ ही तारीख महत्त्वाची. त्याआधी नागरिकत्व कोणतंही न्यायालय देऊ शकत होतं, आणि कागदावर नाव, देश आणि तारखेपलीकडे फारसं काही नसे. नवा कायदा लागू झाल्यानंतरच्या कागदांत जन्मस्थळ, जन्मतारीख, बोट, आगमनाची तारीख, बायको-मुलांची नावं असतात. आधी हेतूची घोषणा, म्हणजे गणनेतलं ‘पीए’. मग काही वर्षांनी मुख्य अर्ज.

घोषणेतली तारीख माणसाने आठवणीने सांगितलेली असते. पण २९ जून १९०६ नंतर आलेल्या माणसाच्या मुख्य अर्जासोबत आगमनाचा दाखला लागत असे, आणि तो अधिकारी बोटीच्या यादीशी ताडून देत. म्हणून दोन्हीत फरक असला तर मुख्य अर्जातली तारीख धरा. ‘मी अमुक नावाने आलो’ असं वेगळं नावही तिथे दिसतं, आणि ते नाव हातात आलं की अडलेला शोध सुटतो.

कागद कुठे मिळतील हे न्यायालयावर अवलंबून आहे. केंद्रीय न्यायालयांचे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात जातात. काउंटी न्यायालयांचे त्या काउंटीच्या कचेरीत किंवा राज्याच्या अभिलेखागारात. २७ सप्टेंबर १९०६ नंतरची एक प्रत केंद्र सरकारकडेही जात असे आणि ती नागरिकत्व खात्याच्या वंशावळ विभागाकडे फी भरून मागवता येते. हा शेवटचा उपाय ठेवा, कारण वेळ फार लागतो.

बायकांच्या नावाने वेगळा कागद शोधण्याआधी साल पाहा. २२ सप्टेंबर १९२२ पूर्वी नवरा नागरिक झाला की बायको आपोआप नागरिक होई, त्यामुळे तिचा कागदच नसतो.

माणूस कधीच नागरिक झाला नसेल तर सैन्यनोंदणीची कार्डं पाहा. परकीयांनाही नाव नोंदवावं लागत होतं. ५ जून १९१७ च्या नोंदणीत, म्हणजे तेव्हा २१ ते ३० वयाच्या पुरुषांच्या कार्डावर, जन्माचं गाव विचारलेलं आहे. १२ सप्टेंबर १९१८ च्या कार्डावर ते विचारलेलं नाही. तिथे फक्त जवळच्या नातेवाइकाचा पत्ता मिळतो. एप्रिल १९४२ मध्ये ४५ ते ६४ वयाच्या पुरुषांची नोंदणी झाली आणि त्या कार्डावर जन्मस्थळ पुन्हा आहे. तरुणपणी सुटलेला माणूस म्हातारपणी सापडतो तो इथे.

सावध: अमेरिकी कागदांवर आधी महिना, मग दिवस. आपल्याला सवय उलटी. ५/१२ ही ५ डिसेंबर नव्हे, १२ मे. तक्त्यात महिना अक्षरांत लिहायची शिस्त लावून घ्या.

## पायरी ५: आता बोट

पट्टा हातात, नावाची मूळ रूपं हातात, शक्य तर गावही हातात. आता एलिस आयलंड प्रतिष्ठानाची यादी किंवा फॅमिलीसर्च उघडा.

मूळ इटालियन नावानेच शोधा. ‘एलिस आयलंडवर आमचं नाव बदललं’ ही गोष्ट प्रत्येक घरात सांगितली जाते, पण यादी तिथे लिहिलीच जात नसे. नापोली, पालेर्मो, जेनोवा अशा बंदरांत बोट कंपनीचे कारकून ती भरत. न्यूयॉर्कचे अधिकारी तीच समोर ठेवून प्रश्न विचारत. नावं बदलली ती पुढे, शाळेत, कारखान्यात किंवा नागरिकत्वाच्या वेळी. त्यामुळे १९३० च्या गणनेतलं इंग्रजी वळणाचं आडनाव टाकून काही सापडणार नाही.

घरातल्या सर्वांत दुर्मिळ नावाच्या माणसापासून सुरुवात करा. जुझेप्पे हजारोंनी आहेत. सात वर्षांची क्रोचिफिस्सा फार नाहीत. आई-मुलं एकत्र आली असतील तर मुलगी सापडली की आई वरच्या ओळीत असते. आणि आई तिच्या माहेरच्या आडनावाने असते, हे मराठी वाचकाने दोनदा वाचावं. आपण सासरच्या आडनावाने शोधत राहतो आणि ‘ती आलीच नसावी’ असा निष्कर्ष काढतो. इटालियन कागदांत बाई लग्नानंतरही माहेरचंच आडनाव वापरते. मुलं बापाच्या आडनावाने. सलग ओळींत दोन आडनावं दिसली तर ते कुटुंब आपलं नाही असं समजू नका.

आडनाव सापडत नसेल तर या क्रमाने प्रयत्न करा:

१. एखाद्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, अनेक अक्षरांच्या जागी तारका टाका. एस-एल आणि टी-एफ या जोड्या जुन्या हस्ताक्षरात सहज चुकीच्या वाचल्या जातात.

२. ‘दि’, ‘दे’, ‘ला’, ‘लो’ हे आडनावाचे आधीचे तुकडे काढून पाहा, मग जोडून पाहा.

३. आडनाव पूर्ण काढून टाका. फक्त नाव, वय दोन वर्षं मागे-पुढे, आणि गाव.

४. भाऊ किंवा मेहुणा यांच्या नावाने शोधा. एकाच गावातले लोक एकाच बोटीने, लागोपाठच्या ओळींत येत.

न्यूयॉर्कच्या पलीकडेही बघा. सिसिलीहून थेट न्यू ऑर्लीन्सला बोटी जात. बॉस्टन, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर इथेही लोक उतरले. उत्तर इटलीतले अनेक जण फ्रान्समधल्या ल आव्र बंदरातून निघाले.

‘१८९७ च्या आगीत यादी जळाली’ हे कारण फार लवकर पुढे केलं जातं. १५ जून १८९७ च्या आगीत एलिस आयलंडची लाकडी इमारत जळाली आणि बरीच दप्तरं गेली, हे खरं. पण सीमाशुल्क खात्याकडच्या न्यूयॉर्कच्या प्रवासी याद्या वाचल्या, आणि १८२० पासूनच्या याद्या आज पाहता येतात. त्यानंतर डिसेंबर १९०० पर्यंत लोक मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, बॅटरी इथल्या बार्ज ऑफिसात उतरले, तेही याच शोधात येतात.

## पायरी ६: यादीचं चित्र स्वतः वाचा

शोधयंत्राने दाखवलेली एक ओळ म्हणजे कुणीतरी हस्ताक्षर वाचून केलेला अंदाज. मूळ पानाचं चित्र उघडल्याशिवाय काहीही पक्कं धरू नका.

यादीत काय मिळेल ते सालावर ठरतं. १८८० च्या दशकातल्या यादीत नाव, वय, धंदा, देश यापलीकडे फार नाही; तिथे गावाची अपेक्षाच ठेवू नये. १८९३ नंतर शेवटचं राहण्याचं ठिकाण आणि अमेरिकेत कोणाकडे चालले आहात हे येतं. १९०७ च्या सुमारास यादी दोन पानांची होते: डाव्या पानावर मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता, उजव्या पानावर जवळचे पैसे, आधीच्या मुक्कामाची वर्षं, अमेरिकेतला पत्ता, उंची, केस-डोळ्यांचा रंग आणि जन्मस्थळ.

सावध: उजवं पान वेगळ्या चित्रात असतं. लोक डावं पान उतरवतात आणि थांबतात. त्यांना हवा असलेला जन्मगावाचा रकाना पुढच्याच चित्रात असतो. डावीकडचा ओळ क्रमांक लक्षात ठेवून उजवीकडे तोच क्रमांक शोधा.

आता बारीक खुणा. नावावर आडवी रेघ असेल तर तो माणूस त्या बोटीने आलाच नाही. तिकीट काढलं, पण चढला नाही. पुढच्या काही आठवड्यांतल्या बोटी पाहा. नावाच्या डाव्या बाजूला फुली असेल तर त्याला थांबवून ठेवलं होतं. मग त्या बोटीच्या यादीच्या अगदी शेवटची पानं उघडा. थांबवलेल्यांची वेगळी यादी तिथे असते: कारण काय, कोण न्यायला आलं, त्याचा पत्ता, आणि मुक्कामात किती वेळा जेवण दिलं तेसुद्धा. एकट्या बाईला नवरा किंवा भाऊ येईपर्यंत सोडत नसत, त्यामुळे बायकांच्या बाबतीत ही पानं फार उपयोगी. विशेष चौकशीसाठी नेलेल्यांपुढे ‘एसआय’ अशी अक्षरं दिसतात. धंद्याच्या रकान्यात नंतर कुणीतरी आकडे आणि तारीख खरडलेली दिसली तर ती बहुधा नागरिकत्वाच्या वेळी केलेल्या पडताळणीची खूण. म्हणजे हा माणूस पुढे नागरिकत्वासाठी गेला. चौथ्या पायरीवर परत जा.

‘कोणाकडे चाललात’ या रकान्यात ‘मेहुणा’ आणि वेगळं आडनाव दिसलं तर खूश व्हा. बायकोचं माहेरचं आडनाव तेच असण्याची शक्यता मोठी आहे. आणि तो पत्ता तुमच्या जनगणनेच्या तक्त्यात कुठे आहे का पाहा.

ताळा: ही ओळ आपलीच, हे म्हणण्यासाठी नाव आणि वय सोडून आणखी तीन गोष्टी जुळाव्यात. गाव, अमेरिकेतला पत्ता, ज्याच्याकडे चालला तो माणूस, मायदेशातला नातेवाईक, सोबतची माणसं, धंदा, आधीच्या फेरीचं वर्ष यातल्या कोणत्याही तीन. आणि एखादी गोष्ट उघड विरोधात जात असेल, म्हणजे यादीत विवाहित आहे आणि १९१० चा तक्ता लग्न नंतर झाल्याचं सांगतो, तर तिचं उत्तर सापडेपर्यंत नोंद पेन्सिलनेच राहू द्या. आधी एक लग्न झालेलं असू शकतं. किंवा माणूसच दुसरा असू शकतो.

## पायरी ७: गावाचं नाव ओळखणं

यादीतलं गाव कारकुनाने ऐकून लिहिलेलं असतं. शिवाय ते ‘फ्रात्सिओने’, म्हणजे वाडी असू शकतं, आणि दप्तर मात्र ज्या कोमुनेखाली ती वाडी येते तिथे.

नकाशावर सापडलं नाही तर नाव बदललं का ते पाहा. सिसिलीतलं जिर्जेंती १९२७ मध्ये आग्रिजेंतो झालं, कास्त्रोजोव्हान्नीही त्याच सुमारास एन्ना झालं. प्रांतही सरकतात: काझेर्ता प्रांत १९२७ मध्ये रद्द झाला आणि १९४५ मध्ये पुन्हा आला, इझेर्निया १९७० पर्यंत काम्पोबास्सोमध्ये होतं. जुन्या कागदातला प्रांत आजच्या नकाशाशी जुळला नाही म्हणून गाव बाद करू नका.

एकाच नावाची दोन-तीन गावं असतील तर त्याच बोटीवरच्या शेजारच्या ओळी वाचा. लागोपाठ दहा माणसं त्याच गावची असतील तर त्यांनी दिलेले प्रांत आणि वेगवेगळे शब्दलेखन एकत्र ठेवले की बहुतेक वेळा उत्तर निघतं.

## पायरी ८: इटलीतली दप्तरं

इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं ‘आंतेनाती’ हे संकेतस्थळ फुकट आहे. नागरी नोंदी, म्हणजे ‘स्तातो चिविले’, दक्षिणेच्या मुख्य भूमीवर १८०९ पासून, सिसिलीत १८२० पासून आणि एकीकरणानंतर बहुतेक इटलीत १८६६ पासून आहेत. सगळे प्रांत संकेतस्थळावर नाहीत. नसेल तर कोमुनेच्या कचेरीला साध्या इटालियनमध्ये पत्र लिहावं लागतं. त्यात नाव, आई-वडिलांची नावं आणि जन्माचं वर्ष एवढंच लिहा. अर्धं पान पुरे. कुटुंबाचा इतिहास लिहिलात तर उत्तर येत नाही.

पानं चाळताना आधी त्या वर्षाची सूची शोधा, बहुधा वहीच्या शेवटी असते. तिथला नोंद क्रमांक घेऊन मग मूळ नोंद उघडा. वडिलांच्या नावाआधी ‘दि’ असेल तर ते तेव्हा हयात होते, ‘फू’ असेल तर वारलेले. या एका अक्षराने त्यांच्या मृत्यूचा शोध किती वर्षांत घ्यायचा ते ठरतं.

महिन्यांच्या लघुरूपांत लोक हमखास फसतात. ‘७ब्रे’ म्हणजे सातवा महिना नव्हे, सप्टेंबर. ‘८ब्रे’ ऑक्टोबर, ‘९ब्रे’ नोव्हेंबर, आणि रोमन दहाचं चिन्ह लावून लिहिलेला डिसेंबर. लग्नाच्या बाबतीत जाहीर सूचनांची वही आणि प्रत्यक्ष लग्नाची वही वेगळी असते. सूचनेची तारीख लग्नाची म्हणून उतरवू नका. सूचना वर आणि वधू यांच्या दोन्ही गावांत लागू शकते, लग्न एकाच गावात होतं.

जन्मनोंद सापडली की समास वाचा. पुढे झालेल्या लग्नाची टीप कारकून तिथे लिहीत, वधूच्या माहेरच्या आडनावासह. ती टीप आणि १९०० च्या जनगणनेतली लग्नाची वर्षं जुळली, तर पाच चुलतभावांतला आपला कोणता ते ठरलं. टीप नसेल तर त्याच वहीत मागच्या-पुढच्या चार-पाच वर्षांत त्याच नावाचे आणखी किती जन्म आहेत ते मोजा आणि प्रत्येकाचे आई-वडील तक्त्यात उतरवा. त्यातला कोणी लहानपणीच वारला असेल तर मृत्यूच्या वहीत दिसेल. दगावलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला ठेवायचीही रीत होती, म्हणून एकाच आई-वडिलांच्या पोटी त्याच नावाच्या दोन नोंदी मिळाल्या तर अमेरिकेला गेला तो धाकटा.